तिऱ्हाइताचे देणे

मराठीत ‘तिऱ्हाईत’ हा शब्द आपण फारशा आपुलकीने उच्चारत नाही. जो आपल्या घरचा नाही, व्यवहारात ज्याचा वाटा नाही, भांडणात ज्याची बाजू नाही, तो तिऱ्हाईत. वाहनाच्या विम्याच्या कागदावर मात्र या माणसाला मोठे मानाचे स्थान आहे. तेथे पहिला पक्ष वाहनाचा मालक, दुसरा पक्ष विमा कंपनी आणि तिसरा पक्ष रस्त्यावरचा तो कोणीही, ज्याला आपल्या वाहनाचा धक्का लागू शकतो. करार होतो त्या वेळी तो हजर नसतो. त्याचे नाव-गाव कुणाला ठाऊक नसते. तरीही तो करार त्याच्यासाठी असतो आणि तो केल्यावाचून वाहन रस्त्यावर आणता येणार नाही, असे कायदा बजावतो.

एरवी या तिऱ्हाइताचा विचार आमच्या मनात आला असता असे वाटत नाही. ती पाळी आली २०२४ सालच्या जुलै महिन्यात. पापडीच्या बाजारातून आम्ही स्कूटरवरून घरी परतत होतो. पावसाची मोठी सर नुकतीच येऊन गेली होती. एका वळणावर समोरून एक वयस्क गृहस्थ सायकलीवरून येत होते. मागे कॅरिअरवर पालेभाजीच्या जुड्या बांधलेल्या. वळण घेताना आमचा वेग जितका असायला हवा होता त्याहून अधिक होता. चाक ओल्या मातीवरून सरकले आणि सायकल, भाजी व ते गृहस्थ असे सारेच रस्त्याकडेला पडले. चूक कोणाची, हा प्रश्नच नव्हता. उठताना त्यांनी उजवे मनगट डाव्या हाताने धरले होते. आमच्या चेहऱ्याकडे पाहून तेच म्हणाले, “जाऊ द्या सर, पावसाचे दिवस आहेत.”

मनगटाचे हाड मोडले होते. दवाखाना, एक्स-रे, प्लास्टर हे सारे आम्ही जातीने उभे राहून केले, बिल भरले आणि आपण आपले कर्तव्य पार पाडले अशा समाधानात घरी आलो. आमच्या पत्नीने सारे ऐकून घेतले आणि विचारले, “बिल भरलंत ते बरं केलंत. पण सहा आठवडे ते खाणार काय?” हा प्रश्न आम्हांला दवाखान्यात सुचला नव्हता. विम्याचे पाहू, असे काहीसे पुटपुटत आम्ही कपाटातील कागदांची पिशवी काढली. स्कूटर २०१८ च्या डिसेंबरात घेतलेली. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १ सप्टेंबरपासून नव्या दुचाकीसाठी पाच वर्षांचा आणि नव्या मोटारगाडीसाठी तीन वर्षांचा तिऱ्हाइताचा विमा एकदमच घेणे बंधनकारक झाले होते. लोक दरवर्षी विमा चालू ठेवत नाहीत म्हणून काढलेला तो उपाय. आमच्यापुरता त्याचा परिणाम असा झाला, की पाच वर्षे आम्हांला विम्याची आठवणच राहिली नाही. मुदत २०२३ च्या डिसेंबरातच संपली होती. त्या सात महिन्यांत आम्ही त्या स्कूटरवरून बाजारात गेलो, मयताला गेलो, दर रविवारी चर्चला गेलो.

दुसऱ्या दिवशी एक परिचित गृहस्थ घरी आले. माणूस सज्जन, अडल्यानडल्याला धावून जाणारा. त्यांनी सारे ऐकून सहज तोडगा सुचविला. त्यांच्या मेहुण्याकडे याच बनावटीची स्कूटर होती आणि तिचा विमा चालू होता. अपघात त्या स्कूटरने झाला असे सांगायचे. वर्दी द्यायला एक दिवस उशीर झाला तर काही बिघडत नाही. “तुम्ही किती द्याल त्यांना? चार-पाच हजार? कंपनीकडून त्या बिचाऱ्याला लाखभर मिळतील. यात नुकसान कोणाचे आहे, सांगा.”

आम्हांला लगेच उत्तर देता आले नाही, हे येथे कबूल केले पाहिजे. खोटे बोलून आपला फायदा करून घेणे वाईट, हे आपण मुलांनाही शिकवितो. पण ज्याला आपण इजा केली त्याचाच फायदा होत असेल तर? हा प्रश्न पुष्कळ दिवस आमच्या मनात राहिला, आणि त्या निमित्ताने विम्याचा कायदा काय म्हणतो हे आम्ही प्रथमच नीट वाचून काढले.

मोटारीच्या धडकेने जखमी झालेल्या माणसाला भरपाई मागण्याचा हक्क फार पूर्वीपासून होता. पण ज्याच्याकडून मागायची त्याच्या खिशात काही नसेल तर तो हक्क पोकळ ठरे. इंग्लंडने १९३० च्या कायद्याने तिऱ्हाइताचा विमा सक्तीचा केला तो यामुळेच. आपल्याकडे १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात ती तरतूद आली आणि १९४६ पासून अमलात आली. आज लागू असलेला १९८८ चा कायदा कलम १४६ मध्ये तेच सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने १९८७ च्या एका निकालात या सक्तीचा हेतू स्पष्ट केला आहे: विमा कंपन्यांचा धंदा वाढावा म्हणून ही सक्ती नाही, तर रस्त्यावर वावरणाऱ्या समाजाच्या संरक्षणासाठी आहे. आपण मात्र हप्ता भरताना कंपनीचे धन करतो असे समजतो, आणि न भरताना कंपनीला चकविल्याचा आनंद मानतो.

विम्याविना वाहन चालविल्यास शिक्षा काय? कलम १९६ प्रमाणे पूर्वी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. १ सप्टेंबर २०१९ पासून दंड पहिल्या गुन्ह्याला दोन हजार आणि पुढच्या खेपेला चार हजार झाला. कैदेची मुदत तीच राहिली. जो स्वतः चालवितो त्यालाच नव्हे, तर जो आपले वाहन तसे चालवू देतो त्यालाही ही शिक्षा आहे. शेजाऱ्याला ‘घे रे चावी’ म्हणून स्कूटर देणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. एवढी शिक्षा असूनही देशातील निम्म्याच्या आसपास वाहने विम्याविना धावतात. १०० ते १२५ सीसीच्या साध्या दुचाकीचा तिऱ्हाइताचा हप्ता १ जून २०२२ पासूनच्या दरांप्रमाणे वर्षाला ७१४ रुपये, कर वेगळा. दिवसाला दोन रुपयेही नाहीत. तरी माणसे हिशेब घालतात, की पोलीस वर्षातून एकदाही अडवत नाही. अडविलेच तर दोन हजार. म्हणजे तीन वर्षे न भरल्यास आपण बरोबरीत सुटलो.

या हिशेबात एक मोठी गफलत आहे. दंड सरकारजमा होतो. त्यातला एक रुपयाही मनगट मोडलेल्या माणसाच्या घरी जात नाही. दंड ही विम्याची किंमत नव्हे आणि विम्याच्या बदल्यात देण्याची रक्कमही नव्हे. चौकात दोन हजारांची पावती घेऊन जो सुटला, तो सरकारच्या देण्यातून सुटला. तिऱ्हाइताचे देणे जेथल्या तेथे राहिले.

ते देणे केवढे असते याची कल्पना यावी म्हणून न्यायाधिकरणे ज्या रीतीने हिशेब करतात तो पाहू. समजा, पस्तीस वर्षांचा, स्वतःचा लहानसा धंदा असणारा, महिना पंधरा हजार मिळविणारा माणूस अपघातात दगावला. घरी पत्नी, दोन मुले आणि म्हातारी आई. वर्षाचे उत्पन्न १,८०,००० रुपये. पुढे उत्पन्न वाढले असते म्हणून त्यात शेकडा ४० मिळवायचे: २,५२,०००. त्याचा स्वतःचा खर्च म्हणून चौथा हिस्सा वजा: १,८९,०००. पस्तीस वयाला न्यायालयाने ठरविलेला गुणक सोळा. एकूण ३०,२४,००० रुपये. क्रियाकर्म आदींची रक्कम निराळी. विमा असेल तर हे तीस लाख कंपनी देते, कारण मृत्यू आणि शारीरिक इजा यांबाबत तिची जबाबदारी न्यायाधिकरण ठरवील तेवढी असते. विमा नसेल तर निवाडा मालकाविरुद्ध होतो. त्याने पैसे भरले नाहीत, तर कलम १७४ प्रमाणे जिल्हाधिकारी ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करू शकतो. ज्याची वाडी आहे, त्याची वाडी त्यात जाऊ शकते. ज्याच्याकडे काहीच नाही, त्याच्याकडून काही निघत नाही आणि विधवेच्या हाती निवाड्याची नक्कल तेवढी राहते.

येथे कायद्याची एक चमत्कारिक बाजू दिसते. चालकाचा परवाना योग्य नसला तरी न्यायालये पुष्कळदा कंपनीला आधी भरपाई द्यायला लावतात आणि मग मालकाकडून वसूल करण्याची मुभा देतात. चालक बेजबाबदार असला म्हणून तिऱ्हाइताने उपाशी राहू नये, असा त्यामागचा न्याय. धडक मारून पळालेले वाहन सापडलेच नाही, तर एप्रिल २०२२ पासूनच्या योजनेप्रमाणे मृताच्या घरच्यांना दोन लाख आणि गंभीर जखमीला पन्नास हजार मिळतात. मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या योजनेखाली जखमीवर सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार रोख पैसे न भरता होऊ शकतात. पण आठव्या दिवसापासून पुढे, वाहन सापडलेले आहे, मालक समोर उभा आहे आणि विमा नाही, अशा वेळी त्या जखमीचे नशीब एका माणसाच्या ऐपतीवर आणि नियतीवर अवलंबून राहते. आमच्या बाबतीत तो माणूस आम्ही होतो.

आता त्या सज्जन गृहस्थांच्या तोडग्याकडे वळू. ‘नुकसान कोणाचे?’ या त्यांच्या प्रश्नाला पहिले उत्तर म्हणजे, ज्यांनी ज्यांनी वेळेवर हप्ता भरला त्या सर्वांचे. कंपनीचा पैसा म्हणजे शेवटी हजारो मालकांनी एकमेकांच्या तिऱ्हाइतांसाठी एकत्र केलेली ठेव. आम्ही त्यात सात महिने काही टाकले नव्हते आणि आता त्यातून उचलणार होतो. हे उत्तर बरोबर आहे. पण खरे सांगायचे तर त्याने आमचे मन वळले नाही. हजारोंचे नुकसान इतके वाटले जाते, की ते कुणालाच जाणवत नाही.

आम्हांला अडविले ते वेगळ्याच विचाराने. हे खोटे आमच्या एकट्याने उभे राहणार नव्हते. मेहुण्याला आपली स्कूटर तेथे होती असे लिहून द्यावे लागले असते. पंचनाम्यात खोटे आले असते. आणि मुख्य म्हणजे, त्या वयस्क गृहस्थांना न्यायाधिकरणापुढे शपथेवर सांगावे लागले असते, की आपल्याला अमुक क्रमांकाच्या स्कूटरने धडक दिली. ज्यांनी आमच्याविरुद्ध एक अवाक्षर काढले नाही, त्या माणसाला स्वतःच्या हक्काचे पैसे मिळविण्यासाठी खोटी शपथ घ्यायला आम्ही लावणार होतो. त्यांचे मनगट आम्ही मोडलेच होते. आता त्यांची सचोटीही आमच्या निष्काळजीपणापायी खर्ची पडली असती. आणि गावात याला आम्ही त्यांचे भले केले असेच म्हटले गेले असते. खोट्याने तिऱ्हाइताचे देणे फिटत नव्हते. ते एका खिशातून काढून दुसऱ्याच्या खिशात, आणि त्यातला काही भाग खुद्द त्याच्याच खिशात घातले जात होते. आम्ही तो तोडगा नाकारला. गृहस्थ थोडे दुखावले.

यात आम्ही काही शौर्य केले असे नाही. अपघातात माणूस जखमी झाला की पोलिसांत वर्दी देणे कायद्याने बंधनकारक आहे, ती आम्ही दिली नाही. ते नको म्हणाले, आणि आम्हांला ते सोयीचे वाटले.

आपल्या वाड्यापाड्यांतल्या काही सवयी या निमित्ताने आम्हांला दिसू लागल्या, त्या सांगितल्याच पाहिजेत. मुलगा आखातात किंवा कॅनडात असतो, त्याच्या नावावरची दुचाकी घरी असते. ‘विमा संपत आला’ हे संदेश त्याच्या बंद पडलेल्या जुन्या नंबरावर जातात, आणि इकडे धाकटा भाऊ, चुलता, शेजारी, सारे ती चालवीत असतात. स्कूटर विकली, पैसे घेतले, पण नाव बदलून दिले नाही, असे तर सर्रास. नोंदणीच्या पुस्तकात ज्याचे नाव तोच मालक, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये पुन्हा स्पष्ट केले आहे. चार वर्षांपूर्वी विकलेल्या गाडीचा अपघात जुन्या मालकाच्या दारात येऊन उभा राहू शकतो. निव्वळ तिऱ्हाइताचा विमा असेल तर आपल्याच स्कूटरवर मागे बसलेली पत्नी त्यात येत नाही, हेही पुष्कळांना ठाऊक नसते. तिच्यासाठी पूर्ण विमा किंवा जादा हप्ता लागतो. आणि लग्नाच्या वऱ्हाडासाठी, यात्रेसाठी, सणाच्या खेळांसाठी आपण भाजीच्या टेम्पोत वीस-पंचवीस माणसे दाटीवाटीने भरतो, गाणी म्हणत जातो, त्यांचे काय? मालवाहू गाडीत फुकट बसलेल्या माणसांची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००३ सालीच ठरविले आहे. टेम्पोचा विमा चालू असला तरीही. त्या टेम्पोत बसलेली मुले विम्याच्या भाषेत तिऱ्हाईतसुद्धा नाहीत. टेम्पोवाला ओळखीचा आहे, भाडे घेणार नाही म्हणाला, म्हणून आपण त्याचे आभार मानतो.

अपघात घडण्याआधीच आपल्यावर काही देणे असते, ही कल्पना नवी नाही. अनुवादाच्या पुस्तकात आज्ञा आहे, की नवे घर बांधशील तेव्हा गच्चीला कठडा बांध. कुणी वरून पडला तर त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल. निर्गमात खड्डा खणून तो उघडा ठेवणाऱ्याविषयी सांगितले आहे: त्यात दुसऱ्याचा बैल किंवा गाढव पडले, तर खड्ड्याच्या मालकाने भरपाई द्यावी. आपल्या वसईतल्या बावखलांच्या काठी वाढलेल्यांना हे अधिक समजावून सांगायला नको. पोर पाण्यात पडल्यावर कुंपणासाठी धावाधाव करणाऱ्याला आपण काय म्हणतो, ते सर्वांना माहीत आहे. चालू असलेला विमा हा त्या कठड्यासारखाच आहे. फरक एवढाच, की कठडा नसला तर तो डोळ्यांना दिसतो. विमा नसल्याचे रस्त्यावर कुणाला दिसत नाही, आणि आम्हांला तर आमच्याच घरात दिसले नव्हते.

यावर एक आक्षेप येतो, तो गरिबाचा. रिक्षा चालवून घर चालविणाऱ्याला प्रवासी वाहनाचा हप्ता हजारोंत भरावा लागतो. शाळेची फी आणि हप्ता एकाच महिन्यात आले, तर त्याने काय करावे? हा आक्षेप आम्ही सहज उडवून लावणार नाही. पण अशा माणसाचे वाहन ज्याला धडकेल तो बहुधा त्याच्याहून गरीब असेल, पायी चालणारा किंवा सायकलवाला असेल, हेही खरे आहे. पतपेढ्या आणि चर्चचे गट लग्नकार्यासाठी मदत करतात. हप्त्यासाठी वेळेवर हजार-दोन हजार उसने देण्याची सोय त्यांनी करायला काय हरकत आहे? ‘देव राखील’ असे म्हणून विमा न घेणाऱ्यांविषयी मात्र आम्ही अधिक काही लिहीत नाही. देव त्यांना राखील. प्रश्न त्यांचा नव्हताच.

रोमच्या एका परिषदेने २००७ साली वाहनचालकांसाठी दहा आज्ञांचे एक पत्रक काढले होते. अपघातग्रस्तांच्या कुटुंबांना आधार द्या, असे त्यात आहे. आणि योग्य वेळी दोषी चालक व पीडित यांची भेट घडवून आणा, म्हणजे दोघांनाही क्षमेचा अनुभव येईल, असेही आहे. आमच्या बाबतीत ती भेट पहिल्याच मिनिटाला झाली होती. ‘जाऊ द्या सर’ या तीन शब्दांत त्या गृहस्थांनी आम्हांला क्षमा करून टाकली. आम्ही त्या क्षमेलाच पावती समजून घरी आलो, ही आमची चूक. क्षमा ही देणाऱ्याची देणगी. तिने देणेकऱ्याचे देणे संपते असे कुठे म्हटलेले नाही. पापनिवेदनाला गेलेल्या चोरालाही धर्मगुरू चोरीचा माल परत कर असे सांगतोच.

सहा आठवडे दर शनिवारी आम्ही त्यांच्या घरी जात राहिलो. आठवड्याच्या कमाईचा आकडा त्यांच्या सुनेकडून काढून घेतला होता. तेवढे पाकिटात घालून ठेवायचो. ते दर वेळी नको म्हणत आणि चहा केल्याशिवाय सोडत नसत. स्कूटरचा विमा आम्ही त्याच आठवड्यात काढला. त्याला पंधरा मिनिटे लागली. सातव्या आठवड्यात प्लास्टर निघाले. मनगट पूर्वीसारखे वळत नाही. जुड्या बांधायला आता त्यांचा नातू सोबत येतो, आणि तो शाळेत असेल त्या दिवशी ते बाजारात येत नाहीत. आम्ही हिशेब सहा आठवड्यांचा धरला होता. पुढच्या दिवसांचे त्यांनी काही विचारले नाही, आणि आम्हीही तो विषय अजून काढलेला नाही.